हात हुंगणारे मामा

आमचे मामा झोपायच्या आधी सगळ्यांचे हात हुंगायचे.

जेवणं उरकली, अंथरुणं पडली, की बॅटरी घेऊन ते एका टोकापासून निघत. "दाखव हात." आपण हात पुढं करायचा. मामा नाक खाली आणत, डोळे मिटत आणि असा लांबलचक श्वास ओढत की आपल्यालाच आपल्या हाताची शंका यावी. मग निकाल लागे. "ऊठ. राखेनं धू." कुणी म्हणालं, "मामा, साबणानं धुतले की," तर प्रकरण आणखी चिघळे. "साबणानं? कोणच्या? वासाच्या?" म्हणजे त्या माणसाला दोनदा उठावं लागे, एकदा जेवणाचा वास जावा म्हणून आणि एकदा साबणाचा. पोरांनी त्यांचं नाव हुंगमामा ठेवलं होतं. मला तर चाळिशी उलटल्यावर, टक्कल पडलेलं असताना, बायकोच्या देखत राखेच्या ढिगाकडं परत पाठवलेलं आहे. बायकोचे हात एका दमात पास झाले होते. ती गोष्ट ती अजून पाहुण्यांना सांगते.

मामांचे हात मात्र कुणी हुंगत नसे. मोठ्या माणसाचे हात हुंगायची आपल्यात पद्धत नाही.

हा सगळा बंदोबस्त अस्वलासाठी होता.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. त्यांचं शेत जाफराबादच्या पुढं, सपाट जमीन संपून बुलढाण्याच्या बाजूचे डोंगर सुरू होतात तिथं. शेतात पत्र्याची एक खोली, पुढं ओसरी आणि ओसरीत मामांची बाज. गावात चांगलं घर होतं, मामी तिथं राहत. पण रात्र झाली की मामा भाकरी बांधून शेतात. "घरात झोपून माणूस काय ऐकतो?" ते म्हणायचे. "दुसऱ्या माणसाला. त्याच्यापेक्षा रानडुक्कर बरं." थंडीत ज्वारी हुरड्यावर आली की आम्ही जालन्याहून सगळे लटांबर घेऊन तिकडं जायचो. दिवसभर आगटीपाशी बसून गुळभेंडी ज्वारीचा हुरडा खायचा, रात्री तिथंच उघड्यावर मुक्काम करायचा आणि सकाळी उरलासुरला हुरडा खाऊन परतायचं, हा आमच्या घराण्याचा सण होता.

संशय हा मामांचा मूळचा पिंड. एसटीत ते कायम शेवटच्या बाकावर बसत, कारण मग आपल्या मागं कुणी बसू शकत नाही. चहा दिला की आधी विचारत, "कुणी केला?" आणि उत्तर ऐकून कप जरा बाजूला ठेवत, उत्तर काहीही असो. त्यांना शुगर निघाली तेव्हा मामी रडल्या, पण मामा डॉक्टरवर नजर रोखून बसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "भाचेबुवा, याला कसं काय कळलं? आपण तर काहीच सांगितलं न्हाई." त्या दिवसापासून मामींनी साखर-गूळ कुलपात टाकला आणि मामांचा मामींवरही संशय सुरू झाला. त्यांची एक जाडजूड उशी होती, तिला ते कुणाला हात लावू देत नसत. "घरचा कापूस हाय. बदलून टाकतील," म्हणत. कोण बदलून टाकणार, हे कधी सांगितलं नाही. संशय असा मोकळाच ठेवायचा, म्हणजे तो सगळ्यांना पुरतो, असं त्यांचं धोरण असावं.

अस्वल यायला लागलं ते बोरीपाशी. बांधावरची बोरं खाली पडलेली, जवळचं वारूळ उकरलेलं आणि मातीत पाऊल, बरंचसं माणसाच्या पावलासारखं, फक्त पुढं लांब नखं. वनखात्याचा एक माणूस येऊन पाहून गेला. मी त्या दिवशी तिथंच होतो. तो मामांना म्हणाला, "काका, अस्वल आहे. रात्री खरकटं बाहेर टाकू नका, गोडाधोडाचं उघडं ठेवू नका. अंधारात गुपचूप फिरू नका, बोलत चला, म्हणजे ते आधीच बाजूला होतं. एकदम समोर आलात तर अंगावर येईल." मामांनी त्याला चहा पाजला, वाटेला लावलं आणि तो दिसेनासा झाल्यावर म्हणाले, "हा माणूस अस्वलाच्या बाजूनं बोलून राह्यला."

"ते कसं काय?"

"त्याला अस्वल काय खातं ते ठावं, कशानं चिडतं ते ठावं. आपल्याबद्दल इचारलं का त्यानं एक तरी?"

तिथून आमच्या हुरड्याच्या मुक्कामाला चौकशी आयोगाचं रूप आलं. रात्री माणसं काय काय करतात आणि त्यातल्या कशानं अस्वल येतं, कशानं पळतं, यावर मामांनी इतका विचार केला होता की त्यांना झोप लागत नसे, आणि त्यांना लागत नाही म्हणून ते आम्हालाही लागू देत नसत.

मामांचा मुलगा दिलीप जालन्यात बियाण्याच्या कंपनीत आहे. त्याचं मत असं की रात्रभर जाळ ठेवला की काहीच फिरकत नाही.

"अस्सं," मामा म्हणाले. "तू रानात रस्ता चुकलास आन् लांब जाळ दिसला, तर जाळाकडं जाशील का उलटा पळशील?"

"जाळाकडं जाईन. पण मी अस्वल न्हाई, आबा."

"ते तुझ्या मायला आन् मला ठावं. तू स्वतःला लई हुशार समजू नको."

मग दिलीपनं मोबाइलला स्पीकर जोडून मोठ्यांदा गाणी लावली. आवाजानं जनावर येत नाही, हे तर त्या खात्याच्या माणसानंही सांगितलेलं. मामा थोडा वेळ ऐकत बसले. तेवढ्यात शेजारच्या शेतातले उत्तमराव गाणं ऐकून आले आणि आमच्या आगटीपाशी मांडी ठोकून हुरडा चोळायला लागले. मामांनी माझ्याकडं पाहिलं. "पाह्यलं? आवाजानं पळतंय म्हणे!"

उत्तमरावांवर त्यांचा खास डोळा होता. त्यांनी विहिरीवर मोठा बल्ब लावला होता. मामांचं म्हणणं, "त्यानं बल्ब लावला म्हंजे त्याच्याकडलं अस्वल आपल्याकडं वळलं. उजेड त्याचा, अस्वल आपलं." म्हणून मामांनीही ओसरीवर बल्ब लावला. त्यावर पंखवाले किडे इतके जमले की सकाळी केरसुणीनं लोटावे लागले. किडे म्हणजे अस्वलाचा खाऊ, असं कुणीतरी म्हणालं, आणि मामांनी तो बल्ब काढून थेट कुलपात ठेवला.

माझ्या घोरण्याचा मुद्दा तर मुक्काम संपेपर्यंत सुटायचा नाही. सुरुवातीला मामांना वाटे की ते ऐकून अस्वल घाबरेल. म्हणून माझं अंथरूण सगळ्यांच्या पलीकडं, डोंगराच्या बाजूला टाकलं जाई. बाकीची माणसं माझ्या घोरण्याच्या आडोशाला सुखानं झोपत. पुढं त्यांना निराळीच शंका आली. "ते आपल्यातलंच कुणी समजून भेटायला येत असंल तर?" हे त्यांनी माझ्या बायकोला अगदी गंभीरपणे विचारलं. ती म्हणाली, "मामा, मला तर लग्नापासून तीच शंका आहे." मग माझं अंथरूण मधोमध आलं; मानानं नव्हे, पुरावा लपवावा तसं.

एका थंडीत मात्र थट्टा राहिली नाही. पावलं बोरीपासून ओसरीपर्यंत आली, थेट मामांच्या बाजेपाशी. मामी घाबरून गेल्या, त्यांनी दिलीपला फोन केला, दिलीपनं मला गाडीत घातलं आणि आम्ही दोघं सकाळीच पोहोचलो. मामा बाजेवर बसून पावलांकडं बघत होते.

"आबा, बस झालं," दिलीप म्हणाला. "शुगर हाय, डोळ्याला कमी दिसून राह्यलं, आन् आता हे उशाशी यायलंय. जालन्याला चला. आता शेतात झोपणं बंद."

मामांनी एकदा पावलांकडं पाहिलं, एकदा दिलीपकडं. मग मला म्हणाले, "भाचेबुवा, याला शाळेत चित्रकलेत किती मार्क पडायचे?"

"आबा!"

"न्हाई, नखं जरा जास्तच बराबर आलीत. बसून काढल्यासारखी."

दिलीपनं कपाळावर हात मारला. मामी दाराआड डोळे पुसत होत्या. ते पाहून मामा नरमले, म्हणजे त्यांच्यापुरते नरमले. जालन्याला जाणं म्हणजे त्यांच्या लेखी काय होतं, हे मला तेव्हा त्यांच्या हाताकडं पाहून कळलं. बाजेची दोरी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती, कुणी आत्ताच उचलून नेणार असल्यासारखी.

"असं करू," ते म्हणाले. "हुरडा तोंडावर आलाय. सगळे या. ते कुणाच्या खोडीनं येतं ते सगळ्यांसमोर पाहू. दुसऱ्या कुणाची निघाली तर त्यानं यायचं न्हाई, मी हितंच राहणार. माझी निघाली तर गप जालन्याला येतो. बिलकुल बोलणार न्हाई."

त्या वर्षीचा हुरडा आम्ही हुरड्यासारखा खाल्लाच नाही. गूळ, चटणी, दही, शेंगा, सगळं मोजकंच बाहेर काढायचं आणि लगेच डब्यात बंद. कणसांचा चोथा आणि उष्ट्या पत्रावळी खड्ड्यात पुरल्या. डबे गाडीच्या डिकीत आणि गाडीची चावी मामींच्या कमरेला. आगटी विझवली. स्पीकर बंद. माझ्या बायकोनं केसांना खोबरेल लावलं होतं, तिला डोक्याला टॉवेल गुंडाळून बसवलं. संध्याकाळी हातांची तपासणी इतकी कडक झाली की एका पोराचे तळवे राखेनं लाल झाले. बायका-पोरं खोलीत, दाराला आतून कडी. आम्ही पुरुष ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, वर ताडपत्री.

मामांनी ऐन वेळी निराळाच डाव टाकला. बाजेवर गोधडी अशी रचली की माणूस झोपल्यासारखा वाटावा, डोक्याशी ती लाडकी उशी ठेवली आणि स्वतः ट्रॉलीत चढून माझ्याशेजारी येऊन बसले.

"मामा, हे कशाला?"

"तुमच्यातला एखादा उठून काही करील. मी बाजेवर हाय असं त्याला वाटू द्या."

दिलीप अंधारात म्हणाला, "मीच, सरळ माझं नाव घ्या ना."

"मी कुणाचं नाव घेतलं का? चोराच्या आधी तूच कसा बोललास?"

उजाडायला लागलं होतं तेव्हा मामांच्या कोपरानं मला जाग आली. "भाचेबुवा, घोरू नका," ते माझ्या कानात कुजबुजले. "न्हाई, घोरा. थांबा. गप ऱ्हा."

डोंगराकडून ते येत होतं. अंगावर काळी केसाळ घोंगडी टाकून एखादा म्हातारा ओणवा चालावा तसं, घाई नाही, भीती नाही. बोरीखाली थांबलं नाही. विझलेल्या आगटीला वळसा घातला. पत्रावळी पुरलेल्या जागेवर क्षणभर नाक टेकवलं आणि पुढं निघालं. ट्रॉलीजवळून गेलं तेव्हा त्याच्या श्वासाचा फुसफुस आवाज आला. मी श्वास रोखला होता. सबंध आयुष्यात एवढा शांत मी कधी झोपलो नव्हतो आणि जागाही राहिलो नव्हतो. ते सरळ ओसरीवर चढलं. गोधडी नखानं बाजूला सारली, उशी तोंडात धरली आणि खाली ओढून फाडली. घरचा कापूस ओसरीभर उडाला. कापसातून एक फडक्याची पुरचुंडी निघाली. ती सुटली, आणि ते बूड टेकून, पोरासारखं पुढं पाय पसरून, गुळाचा चांगला मुठीएवढा खडा चाटायला लागलं.

ट्रॉलीत दिलीपनं वडिलांकडं पाहिलं नाही. मी ताडपत्रीकडं पाहू लागलो.

"कुणीतरी ठेवलं असंल," मामा पुटपुटले.

तेवढ्यात खोलीच्या खिडकीतून मामींचा आवाज आला. "कुणीतरी! मी म्हन्ते डब्यातला गूळ जातो कुठं! इतके दिवस मुंग्यावर आळ घेतला मी, मुंग्यावर!" आणि हाताला लागलेल्या परातीवर त्यांनी उलथनं असं बडवलं की मीच आधी ट्रॉलीत आडवा झालो. अस्वलानं खिडकीकडं एकदा पाहिलं, फडकं चाटून पुरं केलं आणि आलं तसं डोंगराकडं चालू लागलं. ते परातीला घाबरून गेलं की गूळ संपला म्हणून गेलं, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

मामा ट्रॉलीतून उतरले. ओसरीवर आणि अंगणात उडालेला कापूस ते वाकून वाकून वेचू लागले, बोंडातून वेचावा तसा, एकेक पुंजका झटकून धोतराच्या ओच्यात घालत. मामी बाहेर आल्या त्या भांडायच्या तयारीनंच. पण त्यांना असं वेचताना पाहिलं आणि त्याही वेचायला लागल्या. ओचा भरल्यावर मामा दिलीपला म्हणाले, "कधी निघायचं?"

दिलीपचं घर जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. मामांनी शब्द पाळला, तक्रारीचा सूरही काढला नाही. पहिले काही दिवस तिथंही नातवंडांचे हात हुंगले. "आजोबा, इथं अस्वल कुठून येईल?" पोरं हसत. "कोण वासावर येतं ते आल्यावर कळतं," मामा म्हणत. पण त्या गल्लीत सगळ्यालाच वास. गहू, मिरची, तेल, गोणपाट, रिक्षाचा धूर. नाक कुणाकुणावर संशय घेणार? हळूहळू हुंगणं सुटलं. मी एकदा गेलो तर सुनेनं चहा दिला आणि मामांनी कुणी केला हे न विचारताच पिऊन टाकला. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली. त्यांची शुगर मात्र उत्तम होती.

एक प्रश्न तेवढा सुटला नाही. मी गेलो की जवळ बसवून घ्यायचे आणि आवाज खाली आणायचे. "तिकडं येतं का अजून?"

मी उत्तमरावांना फोन करून विचारत असे. पावलं दिसत नव्हती.

"न्हाई म्हणतात, मामा."

"उत्तम खोटं बोलतो," ते आधी म्हणायचे. पुढं पुढं तेही म्हणेनासे झाले. "येत न्हाई म्हंजे माझ्याचसाठी येत होतं," एकदा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यात कबुली किती होती आणि अभिमान किती, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

थंडी सुरू व्हायच्या आधी मामा गेले. झोपेत गेले, स्लॅबखालच्या खोलीत.

यंदा हुरडा करावा की नाही, असं चाललं होतं. मामीच म्हणाल्या, "करायचा. त्यांनी कधी चुकवला न्हाई." सगळे गेलो. ओसरीत बाज तशीच होती, वर अंथरूण नाही. खाणं डिकीत, खरकटं खड्ड्यात, सगळं मामांच्या कायद्यानं. रात्री पोरं अंथरुणात जाऊन नुसतीच बसून राहिली; कुणीतरी यायचं राहिलं होतं. शेवटी मीच बॅटरी उचलली आणि ओळीनं सगळ्यांचे हात हुंगत गेलो. दिलीपला राखेकडं पाठवला, तो मुकाट्यानं गेला. बायकोचे हात याही वेळी पास. मामींपाशी आलो आणि पुढं सरकलो. मोठ्या माणसाचे हात कसे हुंगायचे?

सकाळी दिलीपनं हाक मारली. ओसरीवर पावलं होती. डोंगराकडून सरळ आलेली, बाजेच्या उशापाशी थांबलेली आणि परत गेलेली. इकडंतिकडं कुठं नाही, खड्ड्यापाशी नाही, गाडीपाशी नाही.

"बघा!" दिलीप पावलांपाशी उकिडवा बसला. "काल कुणाजवळ काहीसुद्धा नव्हतं. तरी आलं. मंग आबांची खोड कशी म्हणायची? आपण उगीच नेलं का त्यांना?"

मामी त्या पावलांकडं बघत उभ्या होत्या. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "त्याला कुणी सांगितलं न्हाई वाटतं."

त्या सकाळी कुणी खाण्याचा डबाही उघडला नाही. निघताना मामींना गाडीत चढायला मी हात दिला. त्या बसल्या, हात सुटला, आणि काल रात्रीच लागलेल्या सवयीनं माझा तळवा नकळत नाकाशी गेला.

गुळाचा वास होता.

मी मामींकडं पाहिलं. त्या डोंगराकडं पाहत होत्या. "काय झालं, भाचेबुवा?"

"काही न्हाई, मामी," मी म्हणालो. "दोन मिनिटं थांबा. राखेनं हात धुऊन येतो."